ओल्या फडक्यातली कॅसेट

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर भर दुपार आहे. सोलापुरातली, वैशाखातली. छताचा पंखा गरम हवा एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे ढकलतो आहे. साखर पेठेतल्या एका घराची माडी. डावीकडे तीन पायांची खुर्ची भिंतीला टेकवून उभी केलेली, तिच्या पाठीवर करडा कोट. मागच्या भिंतीवर या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत नायलॉनची दोरी, आणि दोरीवर लाकडी चिमट्यांनी अडकवलेले कपडे: पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, एक परकर, एकच मोजा. हे कपडे वाळून पस्तीसेक वर्षं तरी झाली असतील. उजवीकडे हिरवी छत्री, कान तुटलेली किटली, चंदेरी रंग दिलेल्या मुठीची काठी, काचेखाली पिवळी पडलेली कात्रणं. मधोमध पाटावर ठेवलेली लोखंडी ट्रंक. ट्रंकेसमोर मांडी घालून बसलेला सत्तरीचा माणूस. हातात किल्ली. किल्ली कुलपापाशी जाते आणि भलतीकडेच टेकते.

हे गुरुबसप्पा हत्तुरे. चादरीच्या कारखान्यात माग चालवण्यात ज्यांचा जन्म गेला, असे आमच्या गावातले एक गृहस्थ. मी त्यांच्या मागे खाटेवर बसले आहे, पण माझं या प्रवेशात काही काम नाही.

रंगभूमीवर इतकी वर्षं काढल्यामुळे घाबरलेला माणूस मला पाठीवरूनसुद्धा ओळखता येतो. विंगेत उभं राहून पहिल्या प्रवेशाची वाट पाहणाऱ्याचे खांदे असे असतात, वर चढलेले, कानांना भिडलेले. नटाची भीती एकदा प्रकाशात पाऊल टाकलं की उतरते. गुरुबसप्पांच्या भीतीला उतरायला जागाच मिळाली नव्हती. तिचं कारण त्या ट्रंकेत होतं.

ते सांगायचं तर आधी मालिकेचं सांगायला हवं. 'गच्चीवरचे भाडेकरू' आता किती जणांना आठवत असेल, कोण जाणे. घरात टीव्ही असणं हीच मोठी गोष्ट होती त्या काळातली ती. एका इमारतीच्या गच्चीवर पत्र्याच्या खोल्या, त्यांत पाच भाडेकरू. घरमालक भाऊसाहेब तळमजल्यावर. गुडघे दुखतात म्हणून ते कधी वर चढत नाहीत. अंगणात उभं राहून मान वर करायची, गच्चीवरच्या दोरीवर काय वाळत घातलंय ते पाहायचं आणि त्यावरून वर काय चाललंय ते ठरवायचं. परकर दिसला, की वर कुणाचं तरी गुपचूप लग्न झालं. एकच मोजा दिसला, की एका भाडेकरूचा पाय गेला. मग भाऊसाहेब त्या पाय गेलेल्या माणसासाठी वर्गणी गोळा करणार आणि तो माणूस दोन्ही पायांनी चालत येऊन वर्गणी देऊन जाणार. त्यात भाऊसाहेबांची जिन्यावरून घसरणारी बहीण होती, ती मी. मध्येच मला नाटकाच्या दौऱ्यावर जावं लागलं, म्हणून लेखकाने त्या बहिणीला नागपूरला धाडून दिलं. शेवटचा भाग झाला त्यात मी नव्हते. पाहिलाही नाही, त्या दिवशी आमचा प्रयोग होता.

शेवटच्या भागात भाऊसाहेब पहिल्यांदाच गच्चीवर चढतात, एवढं सगळ्यांना आठवतं. दोरीखाली उभे राहतात आणि काहीतरी बोलतात. काय बोलतात यावर सोलापुरात अजून भांडणं होतात. भाऊसाहेबांचं काम करणारे आमचे ज्येष्ठ नट आता नाहीत, आणि असते तरी त्यांनी शपथेवर तीन वेगवेगळी वाक्यं सांगितली असती. लिहिलेलं वाक्य कॅमेऱ्यासमोर बदलण्याची त्यांना खोडच होती. लेखक गेले. पाच भाडेकरूंपैकी एकटी उरली आहे, पुण्यात, आणि ती आता स्वतःच्या लेकीलाही ओळखत नाही. निर्मात्यांच्या गोदामात एका पावसाळ्यात पाणी शिरलं आणि होत्या नव्हत्या त्या सगळ्या टेपा गेल्या.

शेवटचा भाग जगात एकाच ठिकाणी उरला. साखर पेठेत, गुरुबसप्पांच्या ट्रंकेत, व्हिडिओ कॅसेटवर.

गुरुबसप्पांचे वडील अक्कलकोटकडच्या एका खेड्यातून गिरणीत कामाला आले. घरात कानडी, दारात मराठी, आणि शेजारच्या पद्मशाली विणकरांच्या पोरांबरोबर खेळताना तेलुगू, असं त्यांचं बालपण. पुढे ते पावरलूमवर लागले. त्या मागांचा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. सुट्टी झाली, माग बंद झाले, घरी जाऊन माणूस जेवायला बसला, तरी कानात माग चालूच असतो. कारखान्याच्या मालकांच्या घरी टीव्ही होता आणि गुरुवारी कामगारांना त्यांच्या हॉलमध्ये खाली बसून ही मालिका पाहायची मुभा होती. "अक्का, तो अर्धा तास माझ्या कानातला माग थांबायचा," असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. नट म्हणून मला मिळालेल्या सगळ्या शाली त्या एका वाक्यापुढे मी खुशाल देऊन टाकीन.

मालिका संपली, काही महिन्यांनी सेट मोडणार असं मालकांच्या पाहुण्यांकडून कळलं, तर हा माणूस पगार बुडवून मुंबईला गेला आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवरून दोरी, चिमटे, मोडकी खुर्ची आणि छत्री घेऊन आला. रेल्वेत खुर्चीला जागा मिळाली, हे सोलापूरपर्यंत दाराशी उभे. घरी आल्यावर बायकोने, गंगम्माने, दारातच विचारलं, "तीन पाय का? चौथ्याचं तिकीट काढलं न्हाई व्हय?"

गंगम्मा कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते. घर तिने चालवलं, असं गुरुबसप्पा स्वतःच सांगतात. संग्रह वाढत गेला तशी तिची जीभही धारदार होत गेली. कुणी माडी बघायला आलं की ती खालूनच म्हणायची, "जावा की वर. मेलेल्या माणसांचे कोट बघा. जित्या माणसाला एक नवा घेतला न्हाई कधी." तरी त्या कोटाला कसर लागू नये म्हणून दर दिवाळीला कडुनिंबाचा पाला खिशात भरायची ती तीच.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या चपलांमुळे. मी नाटक सोडून सोलापूरला परत आले त्या वर्षी एक माणूस दारात आला, हात जोडले आणि म्हणाला, "अक्का, जिन्यावरनं घसरायच्या वक्ताच्या चपला अजून हायत का?" त्या केव्हाच फाटून गेल्या होत्या. त्यांचं तोंड एवढंसं झालं. मग मी त्यांना त्या भूमिकेतला माझा काचेच्या मण्यांचा हार दिला. तो त्यांनी काचपेटीत ठेवला आणि माझ्याच घरून माझीच फुलं नेऊन त्याला वाहिली. मी म्हटलं, "अहो, मी जिवंत आहे." तर म्हणाले, "असू द्या की. हार मोठा हाय."

तर असा हा माणूस, आणि त्याची ती कॅसेट. ती कुणालाही दाखवत नसत. कुणी म्हटलं, गुरुबसप्पा, लावा की एकदा, तर कपाळावर घाम. मशीन टेप खातं म्हणतात, वीज कमीजास्त होते, तुटली तर? कुणी विचारलं, निदान सांगा तरी, भाऊसाहेब शेवटी काय म्हणाले, तर नुसते हसत. "सांगून टाकलं तर मजा काय ऱ्हायली?" त्यांचे जुने सोबती महेश्वर, शेजारच्या मागावर जन्म काढलेले, पण शेवटच्या भागाच्या रात्री नेमके पाळीवर अडकलेले, दर गुरुवारी माडीवर येऊन हाच प्रश्न विचारत आणि हेच उत्तर घेऊन चिडून जिना उतरत.

या वैशाखात मात्र एक बातमी आली. नव्या पेठेत सोमेश नावाचा लग्नाच्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देणारा माणूस आहे. जुनं व्हिडिओ मशीन चालू स्थितीत असलेला आमच्या माहितीत तोच एक. तो दुकान आवरून मुलाकडे पुण्याला निघाला होता आणि मशीनचं टेप वाचणारं हेड झिजलं आहे, महिनाभरही चालेल की नाही सांगता येत नाही, असं म्हणत होता. गुरुबसप्पा तीन वेळा त्याच्या दुकानापर्यंत जाऊन परत आले. चौथ्यांदा गंगम्माच गेली आणि सोमेशला घेऊन आली.

म्हणून ती दुपार. म्हणून ती किल्ली.

शेवटी कुलूप सोमेशनेच उघडलं. झाकण वर गेलं आणि ट्रंकेतून वास आला. जुन्या विहिरीत वाकून पाहिल्यावर येतो तसा. आत मातीचं एक लोटकं, पाण्याने अर्धं भरलेलं. त्याच्याशेजारी सोलापुरी टॉवेलच्या घड्या, ओलसर. त्या घड्यांच्या आत, पहिल्या लेकराला दुपट्यात गुंडाळावं तशी, ती कॅसेट.

सोमेशने ती उचलली, खिडकीपाशी नेली, तिची झडप बोटाने वर केली. टेप उजेडात तिरपी धरून पाहिली. नंतर म्हणाला, "काका, ही कुठं ठेवली होती?"

"हितंच. थंडाव्यात."

"पाणी कशाला ठेवलंय आत?"

गुरुबसप्पांना प्रश्नच कळला नाही. "मग? उन्हाळा केवढा असतोय आपला. कोरडी पडंल की."

"कोरडीच असायला पाहिजे, काका."

"सूत कोरडं पडलं की तुटतंय," गुरुबसप्पा म्हणाले. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले. मागाच्या कारखान्यात उन्हाळ्यात जमिनीवर पाणी शिंपडतात, गोणपाटं भिजवून टांगतात. हवेत ओल असली तरच सूत टिकतं, नाहीतर दर मिनिटाला तुटतं आणि माग थांबतो. हे त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं, त्यांनी पुढच्यांना शिकवलं. कॅसेटच्या काचेतून त्यांना दिसलं होतं ते रिळावर गुंडाळलेलं लांबच लांब काहीतरी, सुतासारखं. मग त्याला सुतासारखंच जपलं. दर उन्हाळ्यात, दर चार दिवसांनी, फडकं भिजवून, पिळून, पुन्हा घडी घालून.

सोमेशने कॅसेट त्यांच्या समोर धरली. आतल्या काळ्या रिळाच्या कडेवर पांढरी बुरशी होती. शिळ्या भाकरीवर येते तशीच.

मी नाटकात माणसं कोसळताना पुष्कळ पाहिली आहेत, स्वतःही कोसळले आहे, टाळ्या घेतल्या आहेत. गुरुबसप्पा कोसळले नाहीत. ते तसेच मांडी घालून बसून राहिले. फक्त त्यांचा उजवा हात आपोआप गळ्यातल्या इष्टलिंगाकडे गेला आणि तिथे घट्ट मिटून राहिला.  खालून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला. गंगम्मा जिन्यात येऊन उभी राहिली.

"काय झालं?" तिने मला विचारलं.

"बुरशी आली आहे," मी म्हटलं.

ती काही बोलेल, चांगलं फटकावेल, असं मला वाटलं. टॉवेल सारखे कुठे जातात, यावर त्या घरात पूर्वी भांडणं झालेली होती. पण तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि एकच शब्द बोलली, कानडीत. "अंजब्याड्री." भिऊ नका. आणि खाली गेली.

सोमेशने नीट समजावलं. डबा उघडून रिळं बाहेर काढायची, दुसऱ्या स्वच्छ डब्यात बसवायची, हाताने फिरवत स्पिरिटच्या मऊ फडक्याने टेप पुसायची. मग एकदा, फक्त एकदा, मशीनमधून चालवून लॅपटॉपवर उतरवून घ्यायची. निघाली तर निघाली. बुरशीने टेपेचा थर पोखरला असेल, तर चालवतानाच तो सोलून निघेल आणि त्याच्याबरोबर चित्र जाईल. "आणि काका, नाही चालवली तर बुरशी थांबत नाही. दोन-चार वर्षांत नुसतं राखेचं वेटोळं राहील. तुम्ही सांगा. मी आपल्या मनानं काही करणार नाही."

गुरुबसप्पांनी कॅसेट हातात घेतली आणि सांगतो म्हणाले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले. रेल्वे लाइन्सला माझी दोन खोल्यांची जागा आहे, तिथवर उन्हातून चालत आले. चहा ठेवला तो निवला, साय धरली, त्यांनी हात लावला नाही.

"अक्का, एक सांगतो. कुणाला बोलू नका."

"बोला."

"मी तो भाग बघितल्याला न्हाई."

मला वाटलं, टेप लावून पाहिला नाही असं म्हणताहेत. "ते ठाऊक आहे मला."

"तसं न्हवं. त्या रातीबी न्हाई बघितला."

मग सगळं बाहेर आलं. शेवटचा भाग होता त्या गुरुवारी त्यांनी बोनसच्या पैशातून कोरी कॅसेट घेतली होती. मालकांनी त्यांच्या मेहुण्यांचं व्हिडिओ मशीन एका रात्रीपुरतं आणलं होतं. संध्याकाळी सगळ्या पेठांतले माग चालू, त्यामुळे विजेचा दाब सारखा खाली-वर. मशीनला जोडलेला स्टॅबिलायझर हाताने फिरवायचा होता, आणि तो होता दाराच्या मागे, आतल्या बोळात. काटा लाल खुणेवर गेला की रेकॉर्डिंग बिघडणार. कुणीतरी काट्यावर नजर ठेवून मूठ फिरवायला हवी. कॅसेट गुरुबसप्पांची, जीव गुरुबसप्पांचा टांगलेला, तेच बसले. टीव्हीकडे पाठ, तोंड भिंतीकडे, मूठ हातात.

"हॉलमधी माणसं हसलालती, त्यांना वाटलं मीबी मागं बसून बघतोय. मला वाटलं, हसू द्या, माझ्याकडं तर कायमचंच ऱ्हाणार हाय. नंतर समदी एकदम गप झाली. भाऊसाहेब लई हळू बोलला असंल. माझ्या कानात तर माग. काय सुदिक आलं न्हाई."

"मग नंतर लावून का नाही पाहिलात?"

"पहिल्या वरसाला मशीन मिळालं न्हाई. मशीन मिळालं तवर मुंबईची बातमी आल्ती, समद्या टेपा पाण्यात गेल्या म्हणून. मग हात लावायची छातीच झाली न्हाई. आन् लोकं विचारायला लागली. एकदा हसून सांगितलं, मजा जाईल. मग तेच सांगत ग्येलो." थोडा वेळ त्यांनी कपातल्या सायीकडे पाहिलं. "गंगेला वाटतंय मी बघितलाय. ती तवा बाळंतपणाला माहेरी होती. तिला मी सांगितलंय, लई भारी होता."

 लांबच्या गावी, खच्चून भरलेल्या मांडवात, आपल्याला वाक्यं येत नाहीत हे फक्त आपल्यालाच ठाऊक असतं, तेव्हा काय होतं ते मला ठाऊक आहे. पण ते एका रात्रीचं असतं.

"तुम्हाला बघायचाय का तो भाग?" मी विचारलं.

"लई," ते म्हणाले. आणि मग, "पर तुटली तर?"

"तर तुटेल, गुरुबसप्पा."

मी कानाखाली मारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चप्पल घातली आणि गेले. मला वाटलं, माझं चुकलं. दिवसभर खात राहिलं ते मला. पण संध्याकाळी गंगम्माचा फोन आला, "अक्का, उद्या या. ह्यांनी सोमेशला हो म्हटलंय. हो म्हटल्यापासनं थंडी वाजून आल्यागत गोधडी घेऊन पडलेत. उन्हाळ्यात. गोधडी."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सोमेश टेप पुसत बसला. खिडक्या बंद, पंखा बंद, धूळ नको म्हणून. आम्ही सगळे घामाने निथळत होतो. गुरुबसप्पा त्याच्या समोर उकिडवे बसले आणि टेपेच्या प्रत्येक वितीबरोबर त्यांचे ओठ हलत होते. ग्रामदैवत सिद्धरामेश्वराचं नाव असावं. फडकं करडं होत गेलं, मग दुसरं, मग तिसरं. एकदा टेपेला बारीक सुरकुती दिसली तेव्हा गुरुबसप्पांच्या तोंडून असा आवाज निघाला, की सोमेशने हात जागच्या जागी थांबवला आणि पाणी मागितलं. ते तो स्वतः प्यायला नाही, त्यांना दिलं.

दुपारी महेश्वर आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं; पेठेत काही लपत नाही. दोरीवरच्या कपड्यांखालून वाकून येत म्हणाले, "काय गुरु, आज तरी दाखवतोस का शेवट? का आजबी मजा जाईल?"

गुरुबसप्पांची नजर टेपेवरून हलली नाही. गंगम्मा पिठाचे हात पदराला पुसत येऊन दाराशी बसली.

सोमेशने कॅसेट मशीनमध्ये सरकवली. मशीनने ती आत ओढून घेतली, आणि गुरुबसप्पांनी डोळे मिटले.

लॅपटॉपवर आधी नुसत्या मुंग्या. मग पांढरे पट्टे, वरून खाली पळणारे. मग त्या पट्ट्यांच्या मागे एक दोरी दिसली. दोरीवर पायजमा. आमच्या मागच्या भिंतीवर होता तोच, फक्त वाऱ्याने हलणारा. मग ते जुनं शीर्षक-संगीत, पाण्याखालून यावं तसं. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्यात आनंद फार थोडा होता. गेलेली माणसं एकामागून एक बोलायला लागली होती.

"उघडा की डोळे," गंगम्मा म्हणाली.

त्यांनी उघडले. आणि मग बंद केले नाहीत, पापणीही लवली नाही बहुधा. भाडेकरू एकमेकांशी भांडले, महेश्वर खो खो हसले, सोमेशही हसला. गुरुबसप्पा हसले नाहीत. त्यांची नजर चित्रावर आणि कान मशीनच्या घरघरीकडे. तिथे जरा आवाज बदलला की त्यांचा गुडघा उडायचा.

भाऊसाहेब काठी टेकत जिन्याशी आले आणि मशीन किंचाळलं. बारीक, लांब आवाज, पाटीवर खिळा ओढल्यासारखा. चित्र मधोमध फाटलं, जुळलं, पुन्हा फाटलं.

सोमेशचा हात बटणावर गेला. "काका, थर सुटतोय. बंद करू? इथवरचं सगळं उतरलंय. पुढचं राहील, पण टेप वाचेल. पुढं-मागं कुणाकडं चांगलं मशीन असलं तर..."

 गुरुबसप्पांच्या कपाळावरचा घाम भुवयांतून डोळ्यात उतरत होता आणि ते पुसत नव्हते. त्यांनी मान हलवली. नकाराची की होकाराची ते सोमेशला कळलं नाही. मग त्यांनी हात पुढे केला आणि सोमेशचं मनगट धरून बटणापासून बाजूला केलं. हळूच केलं.

भाऊसाहेब जिना चढले. एकेक पायरी, गुडघ्यावर हात ठेवत, त्या पट्ट्यांमधून आणि त्या किंचाळण्यातून. गच्चीवर आले. दोरीखाली उभे राहिले. परकर त्यांच्या तोंडावर उडाला तो त्यांनी बाजूला केला आणि पहिल्यांदाच त्यांनी वर न पाहता समोर पाहिलं. पाचही भाडेकरू उभे होते. भाऊसाहेबांनी तोंड उघडलं.

मशीन खडखडलं आणि थांबलं. पडदा निळा झाला.

सोमेशने झाकण काढलं. टेप आत चुरगळून, हेडला चिकटून बसली होती. त्याने चिमट्याने सोडवली. शेवटच्या हातभर तुकड्यावर थर राहिलाच नव्हता, नुसती पारदर्शक पट्टी, तिच्यातून त्याची बोटं दिसत होती. "हे गेलं, काका," तो म्हणाला. "बाकी सगळं आहे. एवढंच गेलं."

 गंगम्माने उठून खिडकी उघडली. गुरुबसप्पांच्या हाताकडे मी पाहत होते. तो मांडीवर उघडा पडला होता.

तोंड उघडलं महेश्वरांनी. आवाजात चेष्टा नव्हती, अजिजीच होती. "गुरु, आता तर सांग. आता कशाची मजा जातीय? तुला एकट्याला ठाऊक हाय. काय म्हणाला भाऊसाहेब?"

गंगम्माही वळून पाहू लागली. सोमेश हातातली पट्टी तशीच धरून थांबला. मी रंगमंचावर फार मोठ्या नटांचे दोन वाक्यांमधले फार मोठे थांबे पाहिले आहेत, पण त्या माडीवर जो थांबा पडला तसा नाही पाहिला. त्या क्षणी गुरुबसप्पांनी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. कुठलंही एक गोड वाक्य. कुणीही ते कधीच ताडून पाहू शकलं नसतं. साऱ्या सोलापूरने ते खरं मानलं असतं, आणि मीही गप्प राहिले असते. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलेलं मला दिसलं. त्यांनी महेश्वरांकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. तिच्याकडे जास्त वेळ पाहिलं. खांदे खाली आले.

"मला न्हाई ठाऊक," ते म्हणाले. "मी बघितलाच न्हाई कधी. त्या राती मी दाराच्या मागं बसून वोल्टेजचा काटा बघत होतो."